रॅटच्या वृषणासाठी बुइन्स की मॉडिफाइड डेव्हिडसन?

स्लाइड करण्याआधी टिश्यू खराब न होता टिकवायला यकृत, मूत्रपिंड असेल तर १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन घ्या आणि मोकळे व्हा. वृषणाचं तसं नाही. फॉर्मॅलिनमध्ये नलिकांतल्या पेशी आक्रसतात, मधे भेगा पडतात, केंद्रकं धुरकट दिसतात. म्हणून खरी निवड बुइन्स आणि मॉडिफाइड डेव्हिडसन या टिश्यू टिकवणाऱ्या दोन द्रावणांतच.

बुइन्सला नावं ठेवणं माझ्या जिवावर येतं. १८९७ सालचं द्रावण, पण केंद्रकं आजही अशी रेखीव देतं की शुक्रजननाच्या अवस्था ओळखताना अडखळायला होत नाही. ट्रायक्रोम या तीनरंगी रंगपद्धतीचा रंग तर त्यातच खुलतो.

पण तो पिवळेपणा! बुइन्समधलं पिवळं पिक्रिक ॲसिड टिश्यूतून निघेपर्यंत ७० टक्के अल्कोहोल (इथेनॉल) बदलत बसायचं. सकाळी बदलावं, दुपारी पुन्हा हळदीचं पाणी. लिथियम कार्बोनेटने जरा लवकर उरकतं, इतकंच. आमच्याकडे इथेनॉल परवान्यावर यायचं, कुलपात राहायचं, मापामापाची रजिस्टरात नोंद व्हायची. एका बॅचला मी धुण्यातच इतकं घालवलं की डिहायड्रेशनच्या, म्हणजे टिश्यूतलं पाणी काढायच्या दिवशी ॲब्सोल्यूटची (निर्जल इथेनॉलची) बाटली रिकामी निघाली. टिश्यू तयार, आणि मी नव्या कोट्याची वाट बघतोय. माझं मन तिथे फिरलं.

डेव्हिडसनलाही इथेनॉल लागतं, नाही असं नाही; पण १०० मिलीत १५ मिली. बाकी तीव्र फॉर्मॅलिन ३०, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ५, पाणी ५०. साधारण २४ तासांनी टिश्यू बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये हलवला की मधे सुट्टी आली तरी चिंता नसते. बुइन्समध्ये तेवढे दिवस राहिला तर ठिसूळ होतो आणि मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) कापांची रिबीन धड निघत नाही.

डेव्हिडसनचा वास मात्र नाकात जातो. वाफा ओढून घेणारा फ्यूम हूड नसेल तर दोनदा विचार करा. वरचं जाड आवरण काही तासांनी छेदून वृषण अर्धं केलं नाही, तर द्रावण आत न पोचून मधला भाग कच्चा राहू शकतो. नितळपणात बुइन्स अजूनही केसभर पुढे असेल, पण हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगांच्या माझ्या स्लाइड्स पाहून कोणी तक्रार केलेली नाही. जुन्या बुइन्सच्या स्लाइड्सशी तुलना करायची असेल, तर मात्र तेच चालू ठेवा.

पिक्रिक ॲसिडची बाटली अजून कपाटात आहे. कोरडं पडलं तर स्फोटक, म्हणून अधूनमधून पाणी घालतो.