शाळा आणि चर्चचा एकत्र फर्स्ट कम्युनियन वर्ग: एका आईचा अनुभव

माझी मुलगी चौथीत आहे. यंदा तिच्या फर्स्ट कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या संस्काराची, तयारी शाळा आणि आमचं चर्च मिळून करून घेतायत. पुण्यातल्या इतर कॅथोलिक आईबापांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते. शाळेचं आणि चर्चचं नाव देत नाही, कारण दोन गोष्टी मला पटलेल्या नाहीत. त्या मी फादरांना आणि प्रिन्सिपल सिस्टरांना समोर बसून सांगितल्या आहेत.

आधी कसं होतं ते सांगते. शाळा आणि चर्च यांच्यात एक भिंत आहे, तिला छोटं फाटक. मोठ्या मुलाच्या वेळी शाळेत आठवड्याला कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, एक तास व्हायचा आणि रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेनंतर, तिथे वेगळा वर्ग. फादर कुठपर्यंत आले हे टीचरना माहीत नसायचं आणि टीचरनी काय घेतलं हे फादरांना. दहा आज्ञा दोन्हीकडे शिकवून झाल्या, मिस्सेचे भाग मात्र कुणीच नीट समजावले नाहीत. पुण्यात नाना पेठेतलं सिटी चर्च १७९२ चं आणि कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स शाळा १८६७ ची. इतकी जुनी चर्चं आणि इतक्या जुन्या शाळा असलेल्या शहरात दोघांनी एकत्र बसून वेळापत्रक करायला एवढा काळ लागावा, याचं मला वाईट वाटतं.

यंदा ते झालं, आणि त्याचं श्रेय एका साध्या वहीला आहे. खाकी कव्हरची वही. डावं पान शाळेचं, उजवं चर्चचं, आणि तळाला चार ओळी घरच्यांसाठी. बुधवारी टीचर काय झालं ते लिहितात, रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षण देणारे कॅटेकिस्ट तिथून पुढे नेतात. घरच्या ओळी मुलांनीच लिहायच्या, आम्ही फक्त सही करायची. येशूच्या शेवटच्या भोजनाचा धडा झाला त्या आठवड्यात माझ्या मुलीनं लिहिलं होतं, ‘आजीने जेवणाआधी प्रार्थना केली. पप्पा उशिरा आले म्हणून त्यांच्याबरोबर परत केली.’ कॅटेकिस्टनी त्याखाली लाल पेनानं ‘परत का केली?’ एवढंच विचारलं आणि रविवारी वर्गात त्यावर बोलणं घेतलं. मिस्सेला आपण सगळे एका टेबलाशी का येतो, हे तिला तिथून कळलं. पुस्तकातली व्याख्या पाठ करून ते कळलं नसतं.

कन्फेशनची, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देण्याची, तयारी तर फारच सुंदर झाली. फादर शाळेच्या वेळेत आले, मुलांना फाटकातून चर्चमध्ये घेऊन गेले आणि कन्फेशनलचं, म्हणजे कबुलीच्या खोलीचं, दार उघडून एकेकाला आत बसू दिलं. जाळीच्या अलीकडे, मग पलीकडे, फादर बसतात तिथेसुद्धा. मुलीनं विचारलं, ‘फादर, तुम्ही मम्मीला सांगाल का?’ ते म्हणाले, ‘मम्मीला नाही, बिशपना नाही, कुणालाच नाही.’ दुसऱ्या दिवशी टीचरनी तोच विषय वर्गात पुन्हा काढला, कारण लाजऱ्या मुलांनी चर्चमध्ये तोंडच उघडलं नव्हतं. एकट्या चर्चला किंवा एकट्या शाळेला हे साधलं नसतं.

शाळेत कॅथोलिक मुलं थोडीच. बाकीच्यांना त्या तासाला मूल्यशिक्षण असतं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धर्मशिक्षणात बसवता येत नाही, हे संविधानाच्या २८ व्या कलमात आहे. शाळेनं आमच्याही सह्या घेतल्या, हे मला आवडलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मात्र सगळे वर्ग एकत्र आले. ज्यांना वाटेल त्यांनी घरून मूठभर तांदूळ आणायचे, ते चर्चच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत गरजू घरांत जायचे. पिशव्या बांधायला मुलीच्या बाकावरची मुस्लिम मैत्रीण सगळ्यांत पुढे होती.

आता तक्रारी. पहिली भाषेची. आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले. माझ्या सासूबाई हरेगावच्या मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा चुकवत नाहीत, मराठी बायबल रोज वाचतात. नातीला शिकवायची त्यांना केवढी हौस! पण मुलगी पश्चात्तापाची प्रार्थना इंग्रजीत पाठ करून येते आणि आजी नुसती ऐकत बसते. १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्याचं, ९१४ वं कलम मुलांच्या तयारीची जबाबदारी आधी आईवडिलांवर टाकतं, त्यांच्याबरोबर धर्मगुरूंवर. मग घरात जी भाषा बोलतात तिच्यात साहित्य नको का? मी बोलल्यावर मराठी प्रार्थनांची झेरॉक्स आली, त्याबद्दल मनापासून आभार. वर्ग आणि व्हॉट्सॲपवरच्या सूचना अजून इंग्रजीतच आहेत. वर्गातली कितीतरी मुलं नगरकडच्या घरांतली आहेत, हे फादरांना चांगलं ठाऊक आहे.

दुसरी तक्रार पालकसभेची. कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवतात. माझी हडपसरला शिफ्ट असते, कितीतरी आया घरकामाला जातात. वहीत घरच्यांना जागा दिली तशी सभेतही द्यायला हवी. रविवारी मिस्सेनंतर सगळे तिथेच असतात, तेव्हा ठेवा.

एक कामाची गोष्ट. बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, आणि तो जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमधून आणावा लागतो. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला, त्यामुळे श्रीरामपूरकडचे लोक आता तिकडे मोडतात. दाखल्यासाठी पुण्याच्या बिशप हाउसला खेटे घालू नका, थेट गावच्या फादरांना फोन करा आणि दिवाळीच्या सुट्टीतच आणून ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी चार. मराठी वर्ग सुरू झाला तर पाचवा त्याच दिवशी देईन. आमच्या बाजूनं कॅटेकिस्ट म्हणून शिकवायला मी आणि आणखी दोघी तयार आहोत, तसं लेखी कळवलंय. तुमच्या शाळेत असं काही सुरू होणार असेल तर वही कोण तपासणार आणि घरच्यांनी कोणत्या भाषेत लिहायचं, हे पहिल्याच सभेत विचारून घ्या.