पीकेयू असताना आई होण्याची तयारी: एका चयापचय क्लिनिकचा अनुभव

मला जन्मापासून फेनिलकीटोन्यूरिया, म्हणजे पीकेयू, हा आनुवंशिक चयापचय विकार आहे. लहानपणी काटेकोर पाळलेले पथ्य मोठेपणी सैल पडले होते. मूल हवे असे ठरल्यावर मात्र मी चयापचय विकारांच्या क्लिनिकमध्ये नाव नोंदवले.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले की, दिवस जाण्याआधीच रक्तातील फेनिलॲलनिन (प्रथिनांतले, पीकेयूमध्ये शरीराला नीट मोडता न येणारे अमिनो आम्ल) लिटरला 120 ते 360 मायक्रोमोल इतके खाली यायला हवे आणि तिथे टिकायला हवे. तोवर गर्भनिरोधक बंद करू नये. वारेतून हे अमिनो आम्ल बाळाकडे ओढले जाते आणि त्याच्या रक्तात आईपेक्षाही जास्त साठते, त्यामुळे बाळाला स्वतःला पीकेयू नसला तरी त्याच्या मेंदूला आणि हृदयाला इजा होऊ शकते. हृदय तर पहिल्या दोन महिन्यांतच आकार घेते. हे इतक्या स्पष्टपणे मला याआधी कोणीच सांगितले नव्हते.

आहारतज्ज्ञ बाईंचे काम मला सर्वांत मोलाचे वाटले. दिवस गेल्यावर उलट्यांमुळे दोन दिवस पोटात काहीच टिकले नाही, तेव्हा खाल्लेच नाही तर पातळी वाढणार कशी, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात उपाशी शरीर स्वतःचे स्नायू मोडते आणि त्यातूनच फेनिलॲलनिन रक्तात उतरते, हे समजावून त्यांनी फेनिलॲलनिनविरहित प्रथिन पावडर थंड पाण्यात कालवून दिवसातून सहा वेळा थोडी थोडी घ्यायला लावली. पाचव्या महिन्यानंतर बाळाची वाढ जोमात सुरू झाली, तशी मला झेपणारी नेहमीची प्रथिनेही वाढली, आणि दर आठवड्याचा अहवाल पाहून त्यांनी ती मोजून वाढवली.

तक्रार आहे ती अहवालांबद्दल. घरी बोट टोचून कार्डावरचे वर्तुळ रक्ताने मागच्या बाजूपर्यंत भिजवायचे, कार्ड सावलीत वाळवायचे आणि पाठवायचे, एवढे मी बिनचूक करत होते; तरी आठव्या आठवड्यातला अहवाल सहा दिवसांनी हाती आला, आणि एक कार्ड थेंब अपुरा म्हणून बाद झाल्याचे मीच फोन केल्यावर कळले. प्रसूती विभागाशीही क्लिनिकचा थेट संपर्क नव्हता. तिथे मला भरपूर प्रथिने खाण्याचा छापील सल्ला मिळाला आणि एकदा ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोड पदार्थ असलेले औषधही लिहून दिले गेले; ॲस्पार्टेममधून फेनिलॲलनिनच मिळते, हे मला माहीत होते म्हणून मी ते घेतले नाही.

बाळंतपणानंतर पुढच्या भेटीची तारीख कोणी दिली नाही, हेही खटकले, कारण बाळ झाल्यावर झेपणारी प्रथिने पुन्हा घटतात.

तरीही पीकेयू असलेल्या प्रत्येकीने मूल हवे असा विचार मनात येताच अशा क्लिनिकमध्ये जावे, असेच मी सांगेन. नाव नोंदवतानाच रक्ताचा अहवाल किती दिवसांत मिळतो आणि सुटीच्या दिवशी फोन कोण उचलते, हे विचारून घ्यावे.