गिटहब पेजेस: ओव्यांच्या साइटचा वर्षाचा खर्च ७९९ रुपये

माझ्या साइटवर विकायला काही नाही. आई, दोन मावश्या आणि वाडीतल्या बायकांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या सहाशेच्या आसपास जात्यावरच्या ओव्या आहेत, आणि त्यांची १३८ ध्वनिमुद्रणं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, त्यात ओव्यांच्या दोन वह्या गेल्या. उरलेलं तरी घराबाहेर कुठेतरी सुखरूप राहावं म्हणून साइट काढली. अशा साइटला दुकानाइतकी जागा लागत नाही. ती स्वस्तात आणि बरीच वर्षं टिकली पाहिजे, एवढंच. आज ती गिटहब पेजेस या फुकट सेवेवर आहे. तिथवर कशी पोचले, ते सांगते.

साइटच्या फायली इंटरनेटवर ठेवायला भाड्याने जागा घ्यावी लागते, तिला होस्टिंग म्हणतात. त्यासाठी पहिली कंपनी मी ‘महिना ९९ रुपये’ बघून घेतली. हा दर वर्षाचे पैसे एकदम भरले तरच होता, म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून १,४०२ रुपये. साइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर एका बटणावर बसलं, वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षीचं बिल आलं ४,९४२ रुपयांचं, कारण दर महिना ३४९ झाला होता. तो पहिल्या दिवसापासून पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेला होता. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी सांगते, पहिल्या वर्षाचा दर बघूच नका, नूतनीकरणाचा दर शोधा आणि त्यात जीएसटी मिळवा. ‘अमर्याद जागा’ या शब्दावरही जाऊ नका. जागा अमर्याद असली तरी फायलींच्या संख्येवर बहुतेक ठिकाणी मर्यादा असते, आणि नुसतं वर्डप्रेसच काही हजार फायली घेऊन बसतं.

मग दुसरी कंपनी. तिथे साइट हलवताना जे झालं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. सगळी पानं उघडली, पण ओव्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. वर्डप्रेस सगळा मजकूर डेटाबेस नावाच्या कोठारात ठेवतं. नव्या ठिकाणी तो डेटाबेस देवनागरी न ओळखणाऱ्या जुन्या अक्षरसंचात, म्हणजे अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीत, तयार झाला होता. अक्षर ओळखता आलं नाही की तिथे खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं, आणि मग मूळ अक्षर त्यातून परत काढता येत नाही. मदतीला बसलेला मुलगा नम्रपणे ‘कॅशे क्लिअर करा’, म्हणजे ब्राउझरमधली जुनी साठवण पुसा, एवढंच सांगत राहिला. माझ्याकडे ओव्या साध्या टेक्स्ट फायलींत वेगळ्या ठेवलेल्या होत्या म्हणून वाचल्या. मराठी मजकूर डेटाबेसमध्ये ठेवणार असाल, तर अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

पुण्याचा भाचा गणपतीला आला होता. त्याने साइट बघितली आणि विचारलं, “मावशी, यात रोज बदलतं काय?”

“काहीच नाही. महिन्यातून चार-दोन ओव्या वाढतात.”

“मग डेटाबेस हवाच कशाला?”

त्याच संध्याकाळी आम्ही सगळं गिटहब पेजेसवर नेलं. प्रत्येक ओवीगटाची एक साधी टेक्स्ट फाइल असते. वर मथळ्याला एक खूण, खाली ओव्या. ती ब्राउझरमधूनच चढवायची, की गिटहब तिचं वेब पान करून देतं. भाडं शून्य. प्रकाशित साइटची मर्यादा १ जीबी आहे, माझी साइट ध्वनिमुद्रणांसकट ३१० एमबीची. महिन्याला १०० जीबी वाहतुकीची, म्हणजे वाचकांकडे जाणाऱ्या माहितीची, मर्यादा सांगितलेली आहे. माझं एक ध्वनिमुद्रण साधारण २ एमबीचं, म्हणजे महिन्यात पन्नास हजार वेळा ओवी ऐकली गेली तर ती मर्यादा येईल. पत्त्यापुढचं कुलूप, म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्र, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं आणि आपोआप नवं होत राहतं. पहिल्या कंपनीने याच कुलपासाठी वर्षाला वेगळे पैसे मागितले होते.

खर्च राहतो तो डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या नावाचा. माझं ‘डॉट इन’ यंदा करासकट ७९९ ला पडलं. डोमेन होस्टिंगवाल्याकडून घेऊ नका, ‘पहिल्या वर्षी मोफत’ म्हणाला तरी. मी घेतलं होतं, आणि सोडताना डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा ट्रान्सफर कोड हातात पडायला अकरा दिवस आणि सात ईमेल लागले. डोमेन वेगळ्या ठिकाणी, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर असलं, की होस्टिंग कधीही बदलता येतं आणि वाचकाला पत्ता तोच राहतो.

आता अडचणी. सगळा पडदा इंग्रजीत आहे. फोनवर बोलायला कुणी नाही. मी पायऱ्या वहीत मराठीत लिहून घेतल्या, तेव्हा कुठे हात बसला. फुकट खात्यात तुमच्या मूळ फायली सगळ्यांना दिसतात, आणि एखादी ओळ नंतर खोडली तरी जुन्या नोंदींत ती राहते. म्हणून फाइल चढवण्याआधी मी प्रत्येक बाईला विचारलं, आणि ज्यांना नाव नको होतं त्यांची नावं आधीच गाळली. बायकांच्या ओव्यांत सासरचं पुष्कळ काही असतं, तिथे ही काळजी घ्यायलाच हवी. संपर्काचा फॉर्म चालत नाही, कारण मागे प्रोग्राम चालवणारा सर्व्हर नाही, तिथे ईमेल पत्ता दिला. ऑनलाइन दुकान चालवायला नियमाने परवानगी नाही.

आणखी एक, मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. फायलींची नावं रोमन अक्षरांत ठेवा. ‘जातं’ हा एवढासा शब्द, पण वेब पत्त्यात त्याची ३६ चिन्हं होतात. व्हॉट्सॲपवर असा लांबलचक दुवा आला की आमच्या सुमनकाकू तो धोक्याचा समजून उघडतच नाहीत.

गूगलचं ब्लॉगरही मी बघितलं होतं. फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं, नुसतं लिहायचं असेल तर गिटहबपेक्षा सोपं आहे. ध्वनिफीत थेट चढवता येत नाही, म्हणून माझ्या कामाचं नव्हतं. क्लाउडफ्लेअर पेजेस गिटहबच्याच जातीचं, तिथे वाहतुकीला मर्यादा नाही, पण एक फाइल २५ एमबीच्या आत लागते. परदेशी कंपनीकडे महिन्याला पैसे भरून सर्व्हर घेणार असाल, तर १ ऑक्टोबर २०२१ पासूनचा रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीचा, नियम लक्षात ठेवा. कार्डावरून आपोआप पैसे जाणं त्यामुळे अडू शकतं, आणि बिल थकलं की साइट बंद.

गेल्या रविवारी इंदूरहून एका बाईंचा ईमेल आला. त्यांच्या आजीच्या तीन ओव्या होत्या, दळण सरत आल्यावर म्हणायच्या. त्यांची परवानगी घेऊन मी टेक्स्ट फाइल केली, चढवली आणि चहा ठेवला. चहा उकळायच्या आत पान साइटवर दिसत होतं.