आठ महिने निकॉन डी५०० सोबत: नांदूर मधमेश्वरचे पक्षी आणि नाशिकची मैदाने

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी माझा जुना, नवशिक्यांसाठीचा डीएसएलआर बाजूला ठेवला आणि वापरलेला निकॉन डी५०० व दूरचे जवळ आणणारी २००-५०० एमएम एफ ५.६ लेन्स घेतली. हा कॅमेरा २०१६ साली बाजारात आला, आता त्याचे उत्पादन बंद झाले आहे, आणि त्याचे २०.९ मेगापिक्सेल माझ्या आधीच्या कॅमेऱ्याच्या २४ पेक्षा कमीच आहेत. तरीही पळत्या आणि उडत्या विषयांचे माझे फोटो जेवढे सुधारले, तेवढे आधीच्या सहा वर्षांत सुधारले नव्हते. घेताना शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडले तो आकडा, तपासला; तो अठ्ठावीस हजार होता आणि कंपनीने शटरची चाचणी दोन लाखांपर्यंत केलेली असल्याने मी निर्धास्त झालो.

हिवाळ्यातले बहुतेक रविवार नांदूर मधमेश्वरला गेले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे हे पाणथळ क्षेत्र महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मान्यता मिळालेली पाणथळ जागा, आहे. चापडगावच्या बाजूने पहाटे पोहोचले की चक्रवाकांचे थवे पाण्यावर दिसतात, पण माझी खरी परीक्षा कवड्या खंड्याने घेतली. हा पक्षी हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि क्षणात पाण्यात सूर मारतो. जुन्या कॅमेऱ्याचे ३९ फोकस बिंदू चौकटीच्या मध्यभागीच एकवटलेले होते. डी५०० चे १५३ बिंदू जवळजवळ कडेपर्यंत पसरलेले असल्यामुळे पक्षी मध्यातून सरकला तरी फोकस त्याला सोडत नाही. सेकंदाला दहा फ्रेम मिळतात, आणि एक्सक्यूडी हे वेगवान मेमरी कार्ड असेल तर रॉ (प्रक्रिया न केलेल्या, मोठ्या फाइलच्या) स्वरूपातही सलग दोनशे फ्रेमपर्यंत कॅमेरा थांबत नाही. आधी नेमक्या सूर मारण्याच्या क्षणी बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती) भरून जायचा, आणि ती हळहळ मी फार वेळा सोसली आहे.

मात्र पहिला महिनाभर माझे निम्मे फोटो अस्पष्ट येत होते आणि त्यात दोष माझाच होता. मी शटरचा वेग १/८०० सेकंद ठेवत होतो. उडत्या खंड्यासाठी तो १/२५०० च्या पुढे नेल्यावर पंखांची टोके स्पष्ट येऊ लागली. बिंदूंच्या गटाने फोकस करण्याच्या ग्रुप एरिया पद्धतीत कॅमेरा सर्वांत जवळची वस्तू पकडतो, त्यामुळे पक्ष्याच्या पुढ्यात पाणकणीस आले की फोकस तिकडे जाई. तिथे मी २५ बिंदूंची डायनॅमिक पद्धत वापरू लागलो; तिच्यात मी निवडलेला एक बिंदू मुख्य असतो आणि भोवतालचे त्याला साथ देतात. फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर देण्याची सवय लागायला तीन आठवडे गेले, पण आता तिच्यावाचून काम करणे मला अशक्य वाटते. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबचे फोटो मऊ येतात. त्यावर कोणत्याच कॅमेऱ्याकडे उपाय नाही, म्हणून नऊच्या आत काम उरकावे.

उन्हाळ्यात संध्याकाळच्या कबड्डी सामन्यांसाठी मी ८५ एमएम एफ १.८ लेन्स लावली, कारण मैदानाच्या कडेला बसून २०० एमएममध्ये चढाईपटूचा चेहरा मावतो, पण त्याच्याभोवती आवळत येणारी पकड मावत नाही. आपल्याकडील विजेच्या ५० हर्ट्झ प्रवाहावर अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्यामुळे सलग फ्रेममध्ये कधी उजेड तर कधी पिवळट अंधार येतो. डी५०० मधील फ्लिकर रिडक्शन सुरू केल्यावर कॅमेरा उजेडाचा क्षण साधून शटर सोडतो. वेग थोडा मंदावतो, पण बारा फ्रेमपैकी बाराही वापरण्याजोग्या मिळतात. चढाईपटू आणि कॅमेरा यांच्यामध्ये बचावाचा गडी आला की फोकस त्याच्यावर उडी मारू नये, म्हणून लॉक-ऑनचा (मध्ये काही आले तरी आधीच्या विषयावर फोकस धरून ठेवण्याचा) विलंब एका पायरीने वाढवून ठेवला आहे.

वजनाचा विचार मात्र आधी करावा. लेन्स २.३ किलो आणि कॅमेरा ८६० ग्रॅम, म्हणजे तीन किलोंहून अधिक भार हातावर येतो. नांदूरच्या बांधावर मी मोनोपॉड (एका पायाचा आधार) नेतोच. एक्सक्यूडी कार्ड महाग आहे आणि नाशिकमध्ये सहज मिळाले नाही, मागवून घ्यावे लागले. दुसऱ्या खाचेत एसडी कार्ड घालून दोन्हींवर एकाच वेळी साठवणूक लावली तर सगळा वेग एसडीच्या गतीला येतो, म्हणून पक्ष्यांसाठी मी एकट्या एक्सक्यूडीवर भरवसा ठेवतो आणि घरी परतल्यावर चहाच्या आधी फोटो संगणकावर उतरवून घेतो.