एप्रिलात कुठे जावं: अलेंतेजू की पुल्या?

रोम-लिस्बन उरकलेल्यांना आणि गर्दीचा कंटाळा आलेल्यांना हे दोन प्रांत सुचवतो: पोर्तुगालचा अलेंतेजू आणि इटलीच्या बुटाची टाच, म्हणजे पुल्या. समुद्र दोन्हीकडे आहे, पण एप्रिलात पाणी पंधरा-सोळा अंशांचं, पाय बुडवले की पुरे. जुलैत मात्र अलेंतेजूत पारा कधीकधी चाळिशीही ओलांडतो. तेव्हा एप्रिल ते मेचा मध्य, हाच मोसम.

निवडताना आधी एवढंच ठरवा, गाडी कोण चालवणार? लिस्बनहून अलेंतेजूतलं एव्होरा शहर रेल्वेने दीडेक तासात येतं. रोमन मंदिर, हाडांनी मढवलेलं चॅपेल (दारावर लिहिलंय, ‘आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट पाहतोय’) हे सगळं पायी होतं. पण खरा अलेंतेजू त्यापुढे, मोन्साराझ गावाच्या रस्त्यावर. तिथे बुचाच्या ओकची साल दर 9 वर्षांनी सोलतात आणि खोडावर पांढऱ्या रंगात त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगवतात. 7 दिसला तर सोलणी 2017 ची, पुढची पाळी 2026 ला. वसंतात याच झाडांखाली लाल खसखशीची, पिवळी, जांभळी फुलं पसरलेली असतात आणि खांबाखांबांवर करकोच्यांची घरटी. इथे बसच्या भरवशावर राहिलात तर निम्मी सुट्टी थांब्यावर जाईल.

पुल्यात गाडीवाचून भागतं. बारी ते लेच्चे या मुख्य मार्गावर मोनोपोली, ओस्तुनी लागतात. (ओस्तुनीचं स्टेशन खाली, गाव वर टेकडीवर, सामान कमी ठेवा.) शंकूसारख्या दगडी छपरांच्या घरांचं अल्बेरोबेल्लो मात्र वेगळ्या छोट्या लाइनवर आहे. रविवारी तिथे रेल्वेने जायचा बेत आखू नका. दुपारी टूरच्या बसगाड्या येतात, म्हणून मुक्काम करा, संध्याकाळी गल्ल्या तुमच्याच. लेच्चेच्या दक्षिणेला मात्र मन खट्टू होतं. 2013 मध्ये सापडलेल्या झायलेला जिवाणूने जुन्या ऑलिव्ह बागांचे नुसते सांगाडे उरवलेत.

शाकाहारी असाल तर पुल्याच. सुक्या बाकल्याचं (फावा बीन्सचं) घोटलेलं पिठलंच म्हणा, वर ऑलिव्ह तेल आणि बाजूला कडसर पालेभाजी. अलेंतेजूत जिकडेतिकडे काळ्या डुकराचं मांस. पण तिथली आसोर्दा चाखाच: शिळा पाव, लसूण, ऑलिव्ह तेल, उकळतं पाणी, वर अंडं आणि मूठभर कोथिंबीर. वास थेट घरचा! आपला ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच. पाणी माशाचं नाही ना, एवढं विचारून घ्या.

25 एप्रिल आणि 1 मे दोन्ही देशांत सुट्टी असते, ईस्टरलाही झुंबड उडते. खोल्या आधी पकडा.

आईबाबा बरोबर, घरात चालक एकच आणि तोही उजव्या बाजूच्या रहदारीला बिचकणारा, तर पुल्या. दोघं मिळून आलटून पालटून चालवणार असाल तर मी डोळे मिटून अलेंतेजू म्हणेन. फक्त निघण्याआधी आरटीओतून दोघांचे आंतरराष्ट्रीय परवाने काढून घ्या.