समुद्रतळाखालच्या जीवसृष्टीचा संच: नळी चांगली, डब्यावरचं चित्र फसवं

डब्यावर खोल समुद्राचं चित्र आणि ‘समुद्रतळाखालचं जग तुमच्या वर्गात’ अशी ओळ. आत निघतो तो विनोग्राडस्की स्तंभ. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाणारी ही रीत 1880च्या दशकातली. गाळ, कागद आणि गंधक असलेलं एखादं क्षार पारदर्शक नळीत भरून ठेवायचं. जिवाणू आपापल्या सोयीच्या थरात वाढतात. संचात एक लिटरची नळी, झाकण, जिप्सम आणि खडूच्या भुकटीची पुडी, कागदाचा लगदा, काडी आणि पुस्तिका एवढं सामान येतं.

पुस्तिका ‘तळ्याचा कोणताही गाळ’ घ्या म्हणते. विदर्भात पहिली अडचण इथेच येते. सल्फेटवर, म्हणजे जिप्सममध्ये असतो तशा गंधकाच्या क्षारावर, जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, तो लोहाशी मिळून काळा पडतो, आणि गाळात पसरत जाणारा हा काळेपणाच तर बघायचा असतो. यवतमाळ-अमरावतीकडच्या काळ्या मातीच्या गाळात तो दिसणार कसा? शिवाय ही चिकणमाती फुगते. खाली तयार झालेला वायू अडकतो आणि गाळाचा अख्खा गट्टू वर सरकून पाणी झाकणाबाहेर येतं. भंडारा-गोंदियात बोडीचा (शेतातल्या लहान तळ्याचा) किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावाचा फिकट पिवळा गाळ मिळाला तर उत्तम. काळाच गाळ असेल तर तीन भाग गाळाला एक भाग धुतलेली रेती मिसळा. रंग फार सुधारत नाही, पण वायूला वाट मिळते.

काठावरचा नको, पाण्याखालचा गाळ घ्या. काड्या-शंख काढून तो भज्यांच्या पिठाइतका सैल करा. कागद एका नळीला मूठभरच. जास्त घातला तर आंबण्याची क्रिया इतकी जोर धरते की गाळ आंबट होतो आणि बाकीचे जीव मागे पडतात. नळी पाऊणपर्यंत भरा, काडीनं हवेचे बुडबुडे काढा, वर तीन-चार सेंमी पाणी ठेवा. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं चालेल. ब्लीचिंग पावडर टाकलेलं नळाचं पाणी नको. झाकण सैलच ठेवा. घट्ट लावलेलं झाकण उडतं.

आता मूळ प्रश्न: यात समुद्रतळ कुठे आहे? संचात दिलेल्या पद्धतीनं गेलात तर फारसा नाही. नळी खिडकीत ठेवली की महिना-दीड महिन्यात हिरवे-जांभळे पट्टे येतात. दिसायला सुंदर, पण ते प्रकाशावर जगणारे जीव. समुद्रतळाखाली उजेड नसतो. तिथे वरून पडलेले सेंद्रिय अवशेष पुरवून खावे लागतात, आणि एका पेशीची दुसरी व्हायला शेकडो वर्षंही लागू शकतात.

हे अंधारातलं जग दाखवायचं तर दोन नळ्या हव्यात. दुसरी म्हणून पाण्याची रिकामी बाटली चालते. दोन्हींना काळा कागद गुंडाळा आणि फक्त बघताना काढा. संचातलं जिप्सम वापरू नका. ते लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमही विरघळत नाही, म्हणजे समुद्राच्या निम्मंच सल्फेट मिळतं. कृषी केंद्रातलं मॅग्नेशियम सल्फेट आणा. लिटरला 7 ग्रॅम टाकलं की सल्फेट समुद्राच्या पाण्याइतकं होतं. हे एकाच नळीत टाका; दुसरीत सल्फेट नको.

काही आठवड्यांत फरक पडतो. सल्फेटची नळी काळी पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. साध्या नळीत गाळात बुडबुडे धरतात, त्यात मिथेन असतो. कारण असं, की हायड्रोजन आणि ॲसिटेट (कागद कुजताना तयार होणारे पदार्थ) या खाद्यासाठी सल्फेटवर जगणारे आणि मिथेन बनवणारे अशा दोन गटांची ओढाताण चालते, आणि सल्फेट असेपर्यंत सल्फेटवाले जिंकतात. ते संपलं की मिथेन बनवणाऱ्या आर्कियांची (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) पाळी. म्हणून काही महिन्यांनी पहिल्या नळीतही बुडबुडे सुरू होऊ शकतात. समुद्रतळाखाली हाच क्रम वरून खाली जाताना सापडतो. पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही, आणि संचातली सगळ्यात मोठी उणीव हीच.

‘तळाखाली कुठेच ऑक्सिजन नसतो’ हे पुस्तिकेतलं वाक्य तर खोडूनच टाका. दक्षिण पॅसिफिकच्या मध्यभागी गाळ इतका निकस आहे, त्यात खाणारे जीव इतके थोडे, की ऑक्सिजन न संपता खालच्या खडकापर्यंत पोचतो. तिथून 2010 मध्ये काढलेल्या, दहा कोटी वर्षं जुन्या गाळातले जिवाणू खाद्य मिळताच वाढू लागले, असं जपानी संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं. जपानच्या ‘चिक्यू’ जहाजानं 2012 मध्ये शिमोकिताजवळ तळाखाली 2,466 मीटर भोक पाडलं, तर खालच्या कोळशाच्या थरांतही जीव सापडले. मुलांना हे सांगा, चित्रापेक्षा जास्त पटतं.

मागवायचा तर पावसाळा सरता सरता मागवा. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या छताखाली नळी तापते, पाणी आटतं आणि बरेच जीव मरतात. झाकण उघडताना खिडक्या उघड्या ठेवा, जवळ काडी पेटवू नका. लोणारचा गाळ आणायचा मोह टाळा. ते अभयारण्य आहे.

पाचपैकी तीन गुण, तेही नळीच्या पारदर्शकपणाला. बाकी सामान गावातच मिळतं, दुसऱ्यांदा भरण्यासाठीच्या पुड्या विकत घेऊ नका. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी आधीच खारट असतं. तिथे तेच पाणी भरून तिसरी बाटली लावता येईल. तिचा गाळ मात्र परसबागेत टाकू नका.