लेपर्ड गेकोचं घर: कागदावर की मातीवर?

लेपर्ड गेको (ठिपकेदार पाळीव पाल) आणायचं ठरलं की टाकी केवढी घ्यायची आणि किडे कुठले द्यायचे, याचीच चर्चा जास्त होते. माझ्या मते खरा निर्णय टाकीच्या तळाचा असतो. खाली काय अंथरलंय यावरून ऊब कुठून द्यायची, दिवा लागेल का, रोज किती वेळ जाईल आणि जनावर आजारी पडलं तर किती लवकर कळेल, हे सगळं ठरतं.

रीती दोन आहेत. साध्या मांडणीत तळाला पेपर टॉवेल किंवा फरशी, टाकीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई), तीन दडणं (लपायच्या जागा) आणि पाण्याची वाटी. मातीच्या मांडणीत सात ते दहा सेंटिमीटर मातीचा थर, सपाट दगडांच्या कपारी, लाकडं, वरून उष्णतेचा दिवा आणि बहुतेकदा अतिनील किरणांची ट्यूब. दोन्हींत गेको उत्तम जगू शकतो आणि दोन्हींत त्याचे हालही होऊ शकतात. माझा सल्ला असा: नवा गेको आधी कागदावर ठेवा, तब्येतीची खात्री पटली की मातीवर न्या. मातीची निगा राखणं जमणार नसेल तर कागदावरच राहू द्या, पण ती मांडणीही मनापासून करा.

दोन्हींकडे जे लागतंच

हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ, खुरट्या गवताच्या मुलखातला. वाळूच्या टेकड्यांवर तो राहत नाही. त्याच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, नखं असतात. त्यामुळे घरातल्या पालीसारखा तो काचेवर चढत नाही. पापण्या मात्र असतात, त्या मिटून तो झोपतो. दिवस दगडाखाली काढायचा आणि दिवेलागणीला बाहेर पडायचं, हा त्याचा क्रम. पूर्ण वाढलेला गेको साधारण २० ते २५ सेंटिमीटर लांब होतो आणि चांगली निगा असेल तर १५ ते २० वर्षं जगतो. घेताना हा आकडा शांतपणे मनात घोळवा.

जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्याला उंचीपेक्षा ऐसपैस तळ हवा. एका प्रौढ गेकोला ९० × ४५ सेंटिमीटर तळाची टाकी असावी, हेच मी सांगेन. एका टाकीत एकच गेको. दोन नर हमखास मारामारी करतात. माद्यांमध्ये भांडण दिसलं नाही तरी एक जण उबदार दडण अडवून बसते आणि दुसरी हळूहळू वाळत जाते. त्यांना सोबतीची गरज नसते.

टाकीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड हवी. उबदार बाजूला जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश, थंड बाजूला २४ ते २६. गेको स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करत नाही, तो जागा बदलून ती कमी-जास्त करतो. म्हणून दोन्ही बाजूंना दडण हवंच; एकच असेल तर सुरक्षित वाटणं आणि हवं ते तापमान यांतलं एक काहीतरी त्याला सोडावं लागतं. ऊब कमी पडली की पोटातलं अन्न पचत नाही.

तिसरं दडण ओलसर, आत भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ. टाकीची हवा कोरडी, ३० ते ४० टक्के आर्द्रतेची असली तरी कात टाकायला त्याला ओलावा लागतो. कात टाकण्याआधी त्याचा रंग पांढुरका, मळकट होतो. मग तो तोंडाने कात ओढत जातो आणि खाऊनही टाकतो. सगळं आटोपल्यावर त्याची बोटं जवळून पाहा. टोकाशी कातीचं एखादं कडं उरलेलं असतं, दोऱ्याइतकं बारीक. ते वाळलं की आवळत जातं, रक्त पोचत नाही, बोट काळं पडतं आणि गळून जातं. कडं दिसलं तर उथळ कोमट पाण्यात त्याला दहा-पंधरा मिनिटं ठेवून ओल्या कापसाच्या काडीने हलकेच सोडवावं. ओढून काढू नये.

ऊब: खालून की वरून?

हा भाग सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून इथे थोडा थांबतो.

साध्या मांडणीत हीट मॅट सोयीची. टाकीच्या साधारण एक तृतीयांश तळाखाली ती लावायची, तिच्यावर कागद किंवा पातळ फरशी. उष्णता थेट पोटाला मिळते, उजेड होत नाही, वीजही कमी लागते. पण मॅट आसपासची हवा फारशी तापवत नाही. म्हणून थर्मोस्टॅटचा (तापमान नियंत्रित करणाऱ्या यंत्राचा) सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर हवा तापायची वाट बघत मॅट तापतच राहते आणि काच पोट भाजण्याइतकी गरम होते. सेन्सर मॅटच्या बरोबर वर, आतल्या जमिनीला चिकटलेला हवा. टाकीखाली थोडी फटही ठेवा, नाहीतर कोंडलेल्या उष्णतेने काच तडकू शकते.

मातीच्या मांडणीत मॅट चालत नाही. मातीचा थर उष्णता अडवतो, वरची जमीन थंड राहते आणि खाली काच तापत जाते. गेकोला उकरायची हौस असते. ऊब शोधत तो खाली खणत जातो आणि नेमका तापलेल्या काचेवर पोचतो. त्यामुळे जाड माती असेल तर ऊब वरूनच द्यायला हवी. हॅलोजन दिव्याखाली एक सपाट दगड ठेवा, त्याचा पृष्ठभाग ३४-३५ अंशांपर्यंत गेला तर चालतो. दिवसभर तापलेला दगड दिवा मालवल्यावरही बराच वेळ ऊब धरून ठेवतो. संध्याकाळी बाहेर आलेला गेको त्यावर पोट टेकून, चारी पाय पसरून पडतो. जंगलातही तो नेमकं हेच करतो, आणि मातीच्या मांडणीकडे माझा ओढा आहे तो मुख्यतः या कारणाने.

रात्री दिवा बंद. तापमान २० अंशांच्या आसपास उतरलं तरी निरोगी प्रौढ गेकोला अपाय होत नाही. खोली त्याहून गार होत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावावा. ‘रात्रीचे’ म्हणून विकले जाणारे लाल-निळे दिवे आणि विजेवर तापणारे दगड, दोन्ही टाळा.

थर्मोस्टॅटशिवाय यातलं काहीच लावू नका. मॅटला चालू-बंद करणारा चालतो, हॅलोजनला दिवा मंद-प्रखर करणारा लागतो, सिरॅमिकला पल्स प्रकारचा, म्हणजे थोड्या थोड्या झटक्यांनी वीज देणारा. पैसे मोजकेच असतील तर शोभेचं लाकूड नंतर घ्या, थर्मोस्टॅट आणि पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आधी.

जमीन

कागदाचा मोठा गुण म्हणजे त्यावर सगळं दिसतं. गेको बहुतेकदा एकच कोपरा शौचासाठी धरतो. तिथे गडद, घट्ट विष्ठा आणि तिच्या टोकाला पांढरा युरेटचा (घट्ट झालेल्या लघवीचा) खडा दिसला की पोट ठीक आहे. पातळ, घाण वासाची, न पचलेल्या किड्यांची विष्ठा कागदावर त्याच दिवशी लक्षात येते. मातीत ती कपारीमागे सुकून जाते.

नव्या गेकोबाबत हा फरक फार मोठा आहे. लेपर्ड गेकोंमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा आतड्यांचा परजीवी आढळतो. लागण झालेला गेको खाऊनही वाळतो, चरबीने भरलेली शेपूट काडीसारखी होते. त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही. अशा वेळी कागद फेकता येतो, टाकी उकळत्या पाण्याने धुता येते. जिवंत मातीचं, लाकडाचं काय करणार? म्हणून पहिले दोन-तीन महिने कागद आणि त्या काळात विष्ठेची तपासणी, यात मी तडजोड करणार नाही.

मातीच्या बाजूनेही बोलायला हवं. उकरणं, दगडाखालची जागा स्वतः रुंद करणं, ओबडधोबड जमिनीवर चढणं-उतरणं हे सगळं त्याला कागदावर मिळत नाही. नखं झिजतात, पायांना काम मिळतं. खतविरहित माती आणि धुतलेली वाळू साधारण ७०:३० या प्रमाणात, ओलवून, थापून आणि वाळवून घ्यावी, म्हणजे ती घट्ट बसते. नुसती सुटी वाळू, ‘कॅल्शियम वाळू’ आणि अक्रोडाच्या कवचाचा चुरा नको. पोटात साचून आतडं बंद होण्याचा धोका खरा आहे. बरेचदा त्यामागे अपुरी ऊब किंवा कॅल्शियमची कमतरता असते. कॅल्शियम कमी पडलेला गेको माती चाटू लागतो. म्हणून लहान पिल्लं आणि अशक्त गेको मातीवर ठेवूच नयेत.

मातीत स्प्रिंगटेल आणि कोरडं हवामान सोसणारे आयसोपॉड हे मातीतले बारीक जीव सोडले की तेच विष्ठेचे अंश, बुरशी खाऊन फस्त करतात. तरी मोठी विष्ठा आपणच उचलायची. ‘स्वतःच स्वच्छ होणारी टाकी’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

अतिनील दिवा की डी३ पावडर?

हाडांना लागणारं डी३ जीवनसत्त्व अतिनील उजेडातूनही मिळतं आणि पावडरीतूनही; दोन्ही मार्ग चालतात. दिवा नसेल तर डी३ असलेली कॅल्शियम पावडर नेमाने द्यावीच लागते, नाहीतर हाडं मऊ होतात: जबडा लवचिक लागतो, पाय वाकतात, अंग थरथरतं. कमी तीव्रतेची, सावलीतल्या प्राण्यांसाठीची ट्यूब लावली तर गेको गरजेपुरता उजेड स्वतः घेतो, दडणातून नुसती शेपूट किंवा पाय बाहेर काढून. मग डी३चं प्रमाण खूप कमी करता येतं. ट्यूब काचेबाहेर लावून उपयोग नाही, काच ते किरण अडवते. आणि ती उजळत राहिली तरी साधारण वर्षाने बदलावी लागते. अल्बिनो प्रकारांना प्रखर उजेड सोसत नाही, त्यांच्यासाठी मी पावडरच निवडेन.

प्रकारांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, एनिग्मा आणि लेमन फ्रॉस्ट घेऊ नका. पहिल्यात तोल जाणं, गोल गोल फिरणं असे मेंदूचे दोष येतात, दुसऱ्यात गाठी होतात. रंगासाठी त्या जिवाला हे सोसायला लावू नये.

खाणं आणि रोजचं काम

लेपर्ड गेको फक्त किडे खातो. भाजी, फळं नाही. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नसावा. पिल्लांना रोज, प्रौढांना दोन-तीन दिवसांआड. क्रिकेट म्हणजे रातकिडे त्याला पळवतात. त्यांच्यावर झेपावण्याआधी शेपटीचं टोक सापासारखं वळवळतं, ते पाहण्यासारखं असतं. पण उरलेले क्रिकेट विसावलेल्या गेकोला कुरतडतात. कागदावर ते चटकन वेचता येतात, मातीत लाकडाखाली दडून बसतात. डुबिया झुरळं चावत नाहीत, आवाज करत नाहीत, पण मातीत गडप होतात, म्हणून चिमट्याने द्यावीत. मीलवर्म नावाच्या अळ्या गुळगुळीत वाटीत ठेवता येतात, म्हणून दोन्हींकडे सोयीचे; फक्त नुसते तेवढेच देऊ नयेत. कुठलाही किडा आदल्या दिवशी चांगलं खाऊ घालून, वर कॅल्शियम भुरभुरून द्यायचा. बाहेरून पकडलेले किडे नकोत, आणि काजवे कधीच नाहीत, ते विषारी असतात.

कागदाच्या टाकीचं काम रोजचं पण पाच-दहा मिनिटांचं: घाण झालेला तुकडा बदला, पाणी बदला, मॉस ओलं करा. मातीच्या टाकीत एरवी कमी हात लागतो, पण उभारणीला बराच वेळ जातो आणि नजर तीक्ष्ण लागते. दोन्हींत महिन्यातून एकदा ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर गेकोला ठेवून आकडा लिहा. मातीच्या टाकीत तर हीच वही सगळ्यात आधी इशारा देते. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो.

मातीवर नेण्याची वेळ झाली हे असं ओळखावं: वजन टिकून किंवा वाढतं आहे, शेपूट भरलेली आहे, विष्ठेची तपासणी स्वच्छ आली आहे आणि दोन-तीन कातींत बोटं अडकलेली नाहीत. नवी टाकी आठवडाभर रिकामीच चालवून दगडाचं आणि थंड कोपऱ्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ मोजा. मग गेकोबरोबर त्याचं जुनं दडण, न धुता, तसंच नव्या टाकीत ठेवा. स्वतःच्या वासाची जागा सापडली की तो लवकर रुळतो. पहिले काही दिवस त्याने खाणं कमी केलं तर उचलून पाहू नका, पाणी बदला आणि वजन आठवड्याने घ्या.